सात वाजताची ओपीडी

तिबिलिसी, जॉर्जिया
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. पुष्पलता आत्यास,
मिनलचा शि. सा. न. वि. वि. (सगळी अक्षरं आली आहेत, मोजून बघ. पहिल्याच ओळीत चूक काढू नकोस.)

तुझी अट पाळते आहे. मेसेजमध्ये मी 'हो' आणि 'ठीक' यापलीकडे काही लिहीत नाही, म्हणून कागदावर हाताने पानभर लिहायचं आणि त्याचा फोटो काढून पाठवायचा. म्हणे अक्षरावरून तुला कळेल मी जेवते की नाही. दोन वर्षं तुझ्याकडे राहून क्लासला जात होते तेव्हा ताटावरून कळायचं, आता अक्षरावरून. हे नर्सिंगमध्ये शिकवतात की तू स्वतः शोधून काढलंस? पण अट बरी आहे. बाबांचा फोन येतो तो स्पीकरवर, आणि समोर अर्धी पारशिवनी बसलेली असते. खरं काही सांगायचं तर कागदच पाहिजे.

प्रवासाचं सांगते. तू ड्यूटीमुळे आली नाहीस ते बरं झालं. बाबांनी बसस्टँडवर फ्लेक्स लावला होता, 'डॉ. मिनल मनोहरराव भोयर यांचे हार्दिक अभिनंदन'. मी म्हटलं, निदान 'भावी' तरी लिहा, अजून कॉलेजचं ओळखपत्रसुद्धा मिळालेलं नाही. बाबा म्हणाले, सहा वर्षं अशी निघून जातात. मग शेजारच्या महादेवकाकांनी भाषण केलं. मला लहानपणी लुनावर शाळेत सोडायचे तेच काका. माइक दिसला की त्यांना राहवत नाही. वीस मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, आता पारशिवनीच्या माणसाला नागपूरला धावायची गरज नाही. टाळ्या पडल्या. नवऱ्याचं बोलणं संपल्यावर पार्वतीकाकूंनी औक्षण केलं, हातात दही-साखर दिली. मी गाडीत बसले तेव्हा भीती वाटत होती आणि ती विमानाची नव्हती.

नागपूरहून दिल्ली, दिल्लीत नऊ तास, मग शारजा, तिथे सहा तास. आम्ही विदर्भातली बावीस मुलं-मुली, सगळ्यांच्या अंगात एजन्सीचा एकसारखा पिवळा टी-शर्ट, त्यामुळे हरवण्याचीही सोय नव्हती. दिल्लीत सिक्युरिटीच्या बाईने माझ्या हातातल्या बॅगेतून आईचं आंब्याचं लोणचं काढून घेतलं. बरणी उघडून तिने वास घेतला, मग तिच्या मैत्रिणीला दिला. ते लोणचं फेकलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

इथे सकाळी पोचलो. पासपोर्टवाल्याने माझ्याकडे, मग फोटोकडे, मग परत माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मलाच माझी शंका आली. कशाला आलीस असं विचारलं. डॉक्टर व्हायला, म्हटलं. त्याने शेजारच्याला काहीतरी सांगितलं, दोघं हसले आणि शिक्का मारला. बाहेर एजन्सीच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून पिशवीत टाकले. राहण्याचं कार्ड काढायला तीन आठवडे लागतील, तोवर उगाच फिरू नका, पोलिसांनी विचारलं तर पंचाईत होईल, असं बजावलं. म्हणजे परदेशात येऊन पहिलं काम काय, तर घरात बसायचं.

बसमधून जेवढं दिसलं तेवढं लिहिते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून खोल नदी, आणि शहर त्या डोंगरांवर चढत गेलेलं. जुन्या घरांना लाकडी नक्षीच्या गॅलऱ्या आहेत, काही इतक्या वाकलेल्या की खाली उभं राहायची भीती वाटावी. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला बिल्ले, आपल्या गाईबैलांना मारतात तसेच. बिल्ला असला म्हणजे कुत्र्याला सुई टोचलेली आहे. बसमधल्या म्हाताऱ्या बाया चर्च दिसलं की छातीवर तीनदा हात फिरवतात, आपण देवळावरून जाताना करतो तसंच, आणि मला तेवढ्यानेही बरं वाटलं. आमच्या गल्लीत तळघरात एक भट्टी आहे. मोठ्या रांजणासारख्या भट्टीत आतून कणीक चिकटवतात आणि होडीसारखी लांब भाकर आकड्याने बाहेर काढतात. गरम खाल्ली तर भाजी लागत नाही. विकणारी बाई मात्र हसत नाही. मी तीन दिवस हसून पाहिलं, मग सोडून दिलं.

आमचं घर जुन्या सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय ती हलत नाही. पहिल्या दिवशी मी आणि काटोलची सोनिका, माझ्या खोलीतली जोडीदारीण, बॅगांसकट आत शिरलो, दार लागलं आणि दोघींकडे नाणं नाही. दार उघडायचं बटणही चालेना. दहा मिनिटं आत उभ्या होतो. शेवटी कुणीतरी बाहेरून लिफ्ट बोलावली तेव्हा दार उघडलं. एक आजोबा होते. त्यांनी स्वतःचं नाणं आत टाकलं आणि जिन्याने निघून गेले.

तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, तरी दर वेळी लिहून कळवत जा.
तुझी,
मिनल

नागपूर
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. मिनल हिस पुष्पलता आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि एक रागावणं.

रागावणं आधी. पासपोर्ट दिलास तर दिलास, त्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली का? नसेल तर उद्या त्या माणसाच्या मागे लाग. आणि अक्षर उजवीकडे घसरतं आहे, म्हणजे रात्रीचं जेवण टाळतेस. दूध घेत जा.

फ्लेक्सचं वाचून हसू आलं. मनोहर लहानपणापासून असाच आहे, बी पेरलं की लगेच टोपली शोधतो. मी धंतोलीतल्या या दवाखान्यात लागून अठ्ठावीस वर्षं झाली. आज वॉर्डची इन्चार्ज आहे, शिकाऊ डॉक्टर मुलं मला विचारून सलाईनचा वेग ठरवतात. पण पारशिवनीहून मला फोन येतो तो एवढ्यासाठी, की सिस्टर, मोठ्या डॉक्टरांचा नंबर लावून द्या. तुझ्या बाबांनीही कधी आपल्या दुखण्याचं मला विचारलेलं नाही. असो. तुला हे का लिहिते आहे कोण जाणे.

कार्ड हातात आलं की बाहेर पड. एवढ्या लांब गेलीस ती नवव्या मजल्यावर बसायला नाही. मला त्या लाकडी गॅलऱ्यांमध्ये माणसं काय वाळत घालतात ते बघून कळव.

माया आहेच, ती मोजायला बसू नकोस.
तुझी आत्या

तिबिलिसी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
मिनलचा नमस्कार. वि. वि. आज खरीच विनंती आहे, नुसती लिहायची म्हणून नाही.

पासपोर्ट मिळाला, कार्ड मिळालं, आणि तरी मी शहर पाहिलेलं नाही. गॅलऱ्यांत काय वाळतं ते मला माहीत नाही. कॉलेज ते घर एवढाच रस्ता मला येतो. कारण सांगते.

बाबा रोज सात वाजता दुकान आवरताना व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात. आपल्या कृषी केंद्राच्या बाकावर सगळे बसलेले असतातच. सुरुवातीला नुसतं जेवलीस का, थंडी किती, असं चालायचं. दसऱ्यानंतर एक दिवस पार्वतीकाकूंनी गुडघा पुढे केला आणि विचारलं कोणती गोळी घेऊ. मी म्हटलं, काकू, मला काय कळतं, आम्ही अजून हाडांची नावं पाठ करतो आहोत. सगळे हसले, त्यांना वाटलं मी विनयाने बोलते आहे. दुसऱ्या दिवशी शुगरचे रिपोर्ट आले, तिसऱ्या दिवशी एक्स-रे, तोही उन्हात धरून. आता रोज सहा-सात जण असतात. बाबांनी त्याला नावही दिलं आहे, मिनलची ओपीडी. दिवाळीला तर बाकाशेजारी दोन खुर्च्या आणखी मांडल्या.

कॉल चुकवला तर बाबा दहा वेळा लावतात. सोनिका आणि बाकीच्या संध्याकाळी जुन्या शहरात जातात, नदीकाठी जातात, परवा गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन आल्या. मी अॅप्रन घालून खिडकीपाशी बसते. हो, अॅप्रन घालून. बाबांना तो दिसायला हवा असतो.

गेल्या सोमवारी मी ठरवून सांगितलं की मला यातलं काही येत नाही, तुम्ही डॉक्टरकडे जा. बाबांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाले, "चार माणसांत बाप खोटा पडते बेटा. काहीतरी सांग." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी सांगितलं, पाणी जास्त प्या. महादेवकाकांनी तेवढ्यावरही मान डोलावली.

आत्या, मला कोंडल्यासारखं होतं. इथल्या कुणी कोंडलेलं नाही, एवढ्या लांबून आपल्याच माणसांनी कोंडलं आहे. तू बाबांना समजाव. तू मोठी आहेस.

लोभ कमी करू नकोस, मी काहीही लिहिलं तरी.
मिनल

नागपूर
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. मिनलला आशीर्वाद.

मनोहरला फोन केला होता. दहा मिनिटं त्याने मला ओपीडीचंच कौतुक ऐकवलं. पोरीमुळे लोक दुकानात येऊन बसतात, मान देतात, म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं की तुमच्या दवाखान्यात तिला पुढे लावून घेतील का. मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. आयुष्यात त्याला एवढा खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तेव्हा सध्यापुरता एक मार्ग सांगते. लोक दुखणं सांगतील तेव्हा तू ते मला मेसेजवर टाक. मी दोन ओळींत कळवीन, तू तेवढंच सांग. औषधाचं नाव घ्यायचं नाही. कुठे थांबायचं आणि कुठे तडक डॉक्टरकडे पाठवायचं हे मला बरोबर कळतं, इतकी वर्षं तेच पाहिलं. तुझा मान राहील, लोकांचं नुकसान होणार नाही आणि तुझा बाप खोटा पडणार नाही. हे फार बरोबर नाही हे मलाही कळतं, पण पहिली परीक्षा होईपर्यंत निभावून नेऊ. मग बघू.

काकूंच्या गुडघ्याचं: जमिनीवर बसणं बंद, मांडीचा व्यायाम, आणि वजनाचं कुणीतरी त्यांना सांगायला हवं. तूच सांग, माझं नाव नको.

आपलेपणा ठेव, आणि दूध.
आत्या

तिबिलिसी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. डॉ. पुष्पलता आत्यास, (रागावू नकोस, तुझी पदवी तू कमावली आहेस)
मिनलचा नमस्कार.

तुझी युक्ती भलतीच लागू पडली. काकूंचा गुडघा सुधारला, म्हणे आता बाजाराला पायी जातात. पोटदुखीच्या ज्या एकाला तू तडक पाठव म्हणालीस त्याचा खरोखर अपेंडिक्स निघाला, तेव्हापासून तर विचारूच नकोस. बाबा सांगत होते, शेजारच्या गावाहून माणसं येतात. मेसेज टाकायचा, खोकल्याचं निमित्त करून थोडं थांबायचं, तुझं उत्तर वाचायचं आणि चष्मा वर करून सांगायचं. चष्मा बिननंबरचा आहे, सोनिकाचा.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. सर्दी-पडसं, पोटदुखी असलं छोटं मी आता तुझी वाट न बघता सांगून टाकते. तेच तेच असतं, पाठ झालं आहे. बोलता बोलता माझा आवाजही बदलतो. काल फोन ठेवल्यावर सोनिका म्हणाली, तुला स्वतःला पटतं का गं तू जे बोलतेस ते. मी तिच्याशी भांडले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि का रडते आहे ते नीट कळलंही नाही.

बर्फ पडला. सगळ्या मुली खाली धावल्या, फोटो काढले. मी वरून पाहिला, कारण साडेपाच वाजले होते. जानेवारीत परीक्षा आहे. झाली की बाबांना आपण दोघी मिळून सांगायचं, असं तू फोनवर म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही.

सांभाळून घेत आलीस, तशीच घेत राहा.
मिनल

नागपूर
गुरुवार, १५ जानेवारी २०२६

चि. मिनल,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, तरी ते आहेतच असं समज. फोनवर तू नुसती रडतेस आणि बाबा तुला खरं सांगत नाहीत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. पूर्ण वाच.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास महादेवरावांच्या हातातून चहाचा कप सुटला. उजवा हात जड झाला, शब्द चघळल्यासारखे येऊ लागले. पार्वतीबाईंनी दवाखान्यात चला म्हटलं. ते म्हणाले, साताला मिनल आहेच. एका तासाने त्यांना दुकानात आणून तुझ्यासमोर बसवलं. तू मला ६ वाजून ५८ मिनिटांनी मेसेज टाकलास, मग दोनदा परत टाकलास. माझी दोन ते आठची ड्यूटी होती, वॉर्डात दोन पेशंट एकदम बिघडले, फोन लॉकरमध्ये होता. तू सांगितलंस, नस दबली असेल, कोमट तेलाने चोळा आणि झोपू द्या.

मी पावणेनऊला फोन पाहिला. तुझे शब्द वाचले आणि कळलं. तो अर्धांगाचा झटका होता. मेंदूतली नस बंद पडली की साडेचार तासांच्या आत औषध द्यावं लागतं. मी लगेच मनोहरला फोन लावला, म्हटलं आत्ता गाडीत घाला, अजून वेळेत पोचाल. तो म्हणाला, ते जेवून निजले, आता कशाला उठवायचं. मी ओरडले. तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू सिस्टर आहे. पोरगी डॉक्टर आहे. तिनं पाह्यलं त्याले."

मिनल, त्या क्षणी मी सांगू शकले असते की गेले दोन महिने तुझ्या पोरीच्या तोंडून मीच बोलते आहे. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. तुझं नाव जाईल असं मनाशी म्हटलं, पण खरं तेवढंच नाही. अठ्ठावीस वर्षांत माझ्या गावाने पहिल्यांदा माझं ऐकलं होतं, तुझ्या नावाने का होईना, आणि ते सुटू नये असं मला वाटलं. मी पार्वतीबाईंनाही फोन लावला, तो बंद होता. पारशिवनीतल्या दुसऱ्या कुणाला लावला असता तर? गाडी करून स्वतः निघाले असते तर? मी घरी गेले.

मंगळवारी सकाळी त्यांचा उजवा पायही उचलेना, तेव्हा आणलं. अकरा वाजले होते. आमच्या डॉक्टरांनी विचारलं कधीपासून. मनोहरने सांगितलं, काल सहापासून. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. जीव वाचला आहे. उजवी बाजू गेली आहे आणि वाचा गेली आहे. थोडी परत येईल, कदाचित.

आणि आता जे आहे ते सगळ्यात वाईट. तुला कुणी दोष देत नाही. मनोहर सगळ्यांना सांगतो की मिनलने नसेचंच म्हटलं होतं, इथल्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच काढलं. लोकांना ते पटलं आहे. काल पार्वतीबाई वॉर्डाबाहेर माझा हात धरून म्हणाल्या, मिनलले इचारून सांगा, याहीले खायले काय द्याव. मी हो म्हटलं.

दोष माझा जास्त आहे. तू लहान आहेस, मी मार्ग दाखवला.
आत्या

तिबिलिसी
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. आत्यास नमस्कार.

वाचलं. तीनदा वाचलं. दोष वाटून घ्यायचं मला सुचत नाही. तोंड माझं होतं.

बाबांना मी परवा सांगितलं की काकूंना सगळं खरं सांगते. ते म्हणाले, सांगून हात परत येणार आहे का, उलट त्या बाईचा आधार जाईल. म्हणाले, तू फक्त अभ्यास कर. काल सात वाजता त्यांनी परत कॉल लावला. समोर नऊ जण होते. मी उचलला नाही. मग उचलला, कारण तो थांबेना. एका बाईने बाळाचा ताप सांगितला आणि मी पुन्हा तोंड उघडलं, आत्या. काही बोलायच्या आत फोन बंद केला. त्या लिफ्टसारखं बाहेरून सोडवणारं कुणी येणार नाही हे तेव्हा कळलं.

सोबत काकूंना पत्र आहे. फोटो छापून घे आणि तूच नेऊन दे. पोस्टाने नको, बाबांच्या हातात नको.
मिनल

तिबिलिसी
१८ जानेवारी २०२६

ती. पार्वतीकाकूंस,
मिनलचा नमस्कार. नमस्कार घ्यायचा की नाही ते वाचून झाल्यावर ठरवा.

काकू, मी डॉक्टर नाही. मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. मेंदूचा झटका आम्हाला अजून शिकवलेलाच नाही. तुमच्या गुडघ्याचं आणि बाकी सगळ्यांचं जे मी सांगत होते ते मला पुष्पलता आत्या लिहून पाठवायची. त्या संध्याकाळी तिचं उत्तर आलं नाही.

काकांचं तोंड एका बाजूला ओढलेलं मला दिसलं होतं. फोनमुळे तसं दिसत असेल असं मी स्वतःला सांगितलं. मला माहीत नाही, लगेच दवाखान्यात न्या, एवढं बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. आठ माणसं माझ्याकडे बघत होती, बाबा बघत होते, काका स्वतः माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते, आणि मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी सुचलं ते ठोकून दिलं. तुम्ही तेव्हाच निघाला असता तर काका आज बोलत असते, अशी बरीच शक्यता होती.

बाबा म्हणतात हे सांगू नये. मी सांगते आहे, कारण तुम्ही मला अजून त्यांच्या जेवणाचं विचारता.

तुमचा लोभ मागायचा मला हक्क राहिलेला नाही, म्हणून मागत नाही.
मिनल

पारशिवनी
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

मिनलले,

'चि.' लिवाव का नाई याचा दोन दिवस इचार केला. मंग नुसतं नाव लिवलं. मी सातवी शिकली, अक्षर समजून घेजो.

गुरवारी तुही आत्या एसटीनं आली. चिठ्ठी हातात देल्ली अन् ओसरीवर बसून राह्यली. मी वाचली. मंग तिनं तिचं सांगतलं, सारं सांगतलं, स्वतःचंबी लपवलं नाई. मी तिले चहा इचारला नाई. ते गेली त दार लावून घेतलं. दोन दिवस मले अन्न गेलं नाई.

शनवारी सात वाजता मी तुह्या बाबाच्या दुकानात गेली. सारे बसूनच होते. मी उभ्यानं चिठ्ठी वाचून दाखोली, पह्यल्या ओळीपासून. तुहे बाबा उठून अंदर गेले, अजून माह्याशी बोलले नाईत. एक जण म्हणे, पोरीनं कायले लिवलं, कोनाले मालूम पडलं असतं. मी म्हटलं, बाबू, उद्या तुह्याच पोराले ताप आला असता तवा तुले मालूम पडलं असतं.

याहीचा उजवा हात चालत नाई. पायात थोडी ताकद आली. तोंडातून आवाज निंगते, बोल निंगत नाई. एवढा बोलनारा मानूस. सांजच्या वक्ती घरात असं चूप असते का मले सोताचाच राग येते, मी टीव्ही लावून ठेवतो.

माफ केलं असं लिवून पाह्यलं अन् खोडलं. खोटं कायले लिवू. पुढं होईन त होईन, नाई त नाई.

पन तुही आत्या सांगत होती, चार महिने झाले, त्या फोनपायी पोरीनं शहर पाह्यलं नाई. त आयक. आता साताले तुले कोनी दवा इचारनार नाई. फोन माहा येईन. मी तो याहीच्या कानाले लावीन. तू त्या दिवशी बाहेर जाऊन काय पाह्यलं ते सांगजो. नदी पाय, बजार पाय, लोकं काय खातेत, कशे भांडतेत ते पाय. याहीले सारं समजते, डोये सांगतेत. रोज नवं पाह्यजे, कालचं आज चालनार नाई. पानी असो का बरफ असो, सुट्टी भेटनार नाई.

उद्यापासून लावतो. खोलीत बसून बनवून सांगशीन त मले समजन.

पार्वती